संत्र्याखाली ठेवलेलं मांस

३ जून

पेरूंचे दिवस होते. मठाच्या मागच्या ओसरीत सिस्टर ओनोरिना आणि मी समोरासमोर बसून पेरू चिरत होतो. मध्ये तांब्याची कढई. मी सातएक वर्षांची असेन, मठात येऊन जेमतेम महिना झाला होता. एका पेरूत अळी निघाली, पांढरी, गुबगुबीत. मी ती उचलली आणि तोंडात टाकली. सिस्टर ओरडली नाही. हाताला धरून तिने मला नळापाशी नेलं, साबणाची वडी माझ्या जिभेवरून तीनदा फिरवली, आपल्या एप्रनने माझं तोंड पुसलं आणि पुन्हा जागेवर आणून बसवलं. मुरंबा झाला तेव्हा कढईच्या कडेची पहिली खरवड मलाच दिली. साबण आणि साखर, दोन्ही एकदम जिभेवर. चोपन्न वर्षं झाली, अजून ती चव आठवली की डोळे भरून येतात. माझ्यावर इतका जीव त्याआधी कुणी लावलेला मला आठवत नाही.

सिस्टर म्हणायची, "किळस आली की थुंकू नये, लिहावं." आज वही काढली, कारण आज थुंकावंसं वाटलं.

राजधानीहून दोन्या लुक्रेसिया आली होती. जिल्ह्याच्या संग्रहालयात 'रानातल्या लोकांचं दालन' उघडणार आहेत, सप्टेंबरात. मी चौदा कार्डं लिहून द्यायची, काचेच्या कपाटांत वस्तूंशेजारी ठेवायला. प्रत्येकी पाच ओळी. "तुझं अक्षर मठातलं," ती म्हणाली, "आणि तू मूळची त्यांच्यातलीच. असं माणूस कुठे मिळणार?" मी सुखावले. मग तिने दालनात ठेवायच्या पुतळ्याचा फोटो दाखवला. डोक्यावर पिसांचा मुकुट.

"हा आमचा नाही, सेन्योरा. हा म्ब्या लोकांचा. ते मका पेरतात, त्यांचं प्रार्थनेचं घर असतं. आम्ही आचे. आम्ही कधी काही पेरलंच नाही."

"अगं, बघणाऱ्यांना काय कळणार आहे? रान ते रान."

असं म्हणून तिने माझ्या अंगणात ओठ पुसलेला कागद टाकला. उचलला मीच.

जाताना म्हणाली, "आणि एक खरं धनुष्य हवं. जुनं. तो एक म्हातारा अजून बनवतो म्हणे?"

तो ब्रेवीगी. आता त्याच्याशी बोलणं आलं.

५ जून

सकाळी संत्र्याच्या झाडाखाली पाकाची, त्या सशाएवढ्या रानउंदराची, तंगडी. पानावर ठेवलेली, रक्ताचं थारोळं, त्यावर माश्या. पलीकडे ब्रेवीगी उभा. मी उचलून आत नेईपर्यंत तो हलत नाही. मी उचलली, आत नेली, मागच्या दाराने कानेलाला घातली. कुत्री खूश.

मी मठातून इथे, आचे लोकांच्या या पिंडोटी वस्तीत, परत आले तेव्हा तीस वर्षांची होते. त्याला एकतीस वर्षं झाली. एकतीस वर्षं हे असंच चाललंय. कधी पाका, कधी अस्वल्या मुंगीखाऊ, कधी रानडुक्कर, कधी माकडाचा हात, माणसासारखी नखं असलेला. हरणाचं मात्र कधीच नाही. एवढंच त्याचं एक बरं, हरीण पाहून मला कसंसंच होतं.

सुरुवातीला वाटलं, बायको मेलीय, दुसरी शोधतोय. मी फादरांना सांगितलं, फादर त्याला बोलले. तो ऐकून घेऊन निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मांस. मग कुणीतरी मला सांगितलं, रानातली माणसं पकडून नेणाऱ्या गाडीवाल्यांना आपल्या तळावर घेऊन येणारा तोच. तो त्यांच्या पुढे चालत होता, वाट दाखवत. त्या दिवशी माझ्या आईच्या हातून मला ओढून काढलं. त्याच हातांनी तो मला मांस देतो.

अंगाला राखेचा आणि शिळ्या चरबीचा वास. परवा पडलेलं पिंडोचं, ताडासारखं झाड फोडून बसला होता. अंगठ्याएवढ्या अळ्या, एकामागून एक, जिवंत. ओठांवरून पांढरं ओघळत होतं. मला पाहिलं आणि एक माझ्यापुढे धरली.

हात तीनदा धुतले.

९ जून

कार्डांसाठी घरोघर फिरले. इथे आम्ही तीन टोळ्यांचे उरलेले लोक. वरचे, नदीचे आणि पलीकडच्या खोऱ्यातले. बाहेरच्यांना सगळे सारखेच दिसतात. पण नदीचे, म्हणजे माझ्या आईचे लोक, मेलेल्याला बसवून पुरायचे, गुडघे छातीशी. वरचे नुसती झोपडी पाडून निघून जायचे आणि त्याचं धनुष्य मोडून ठेवायचे. खोऱ्यातल्यांचं मला विचारू नका. त्यांचे पुरुष संध्याकाळी एकेकटे गातात, पण सगळे एकाच वेळी, आपापलं, दुसऱ्याचं न ऐकता. नदीच्यांना ते भांडण वाटतं. नदीच्या बायका पाहुणा आला की गळ्यात पडून रडतात. मी परत आले त्या दिवशी सहा बायका माझ्याभोवती बसून हंबरडा फोडत होत्या. मला वाटलं, कुणीतरी गेलं. मी रोझरी काढून मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणायला लागले.

हे सगळं दोन्या लुक्रेसियाला फोनवर सांगितलं.

"इतकं नको गं. 'हे लोक मृतांचा आदर करतात', एवढं पुरे."

कार्ड चार, शिकार, आज पूर्ण झालं. सुंदर उतरलंय, इथे उतरवून ठेवते:

'शिकारी स्वतः मारलेल्या जनावराचं मांस कधीही खात नाही. खाल्लं तर त्याचा हात जातो, पुन्हा शिकार लागत नाही. तो आपलं सगळं मांस इतरांना देतो आणि इतरांनी मारलेलं स्वतः खातो. म्हणून ज्याला देणारं कुणी नाही, त्याला मांस नाही.'

शेवटची ओळ दोन्या लुक्रेसिया कापेल. पण लय चांगली आहे.

कार्ड नऊ, नावं. त्यासाठी म्हाताऱ्या पिराजूगीकडे गेले. ती वरच्यांतली आता एकटीच, ब्रेवीगी सोडला तर. तोंडात दात एक, जीभ मात्र शाबूत.

"पोट असताना बाईनं जे मांस खाल्लं, त्याचं नाव पोराला," ती म्हणाली. "मी मासा. माझ्या आईनं मोठा पिवळा मासा खाल्ला. आणि तो मासा ज्यानं मारला, तो माझा मांसाचा बाप. एक बाप झोपडीतला, एक बाप मांसाचा. म्हातारपणी दोघांना पोसायचं. तुझं नाव काय म्हणालीस?"

"तुला माहीत आहे की. बेनिग्ना."

"बेनिग्ना हे कुठलं जनावर? चवीला कसं लागतं?"

शेजारची एस्तेला हसून हसून लोळली. ती सात महिन्यांची पोटुशी आहे, इतकं हसू नये.

मी म्हटलं, माझं आणखी एक नाव होतं, पण ते आता कुणाला माहीत नाही. मी कुणाला सांगितलेलंच नाही.

पिराजूगीने माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि संत्रं सोलायला घेतलं.

१२ जून

गेले एकदाची. ब्रेवीगीची झोपडी वस्तीच्या अगदी कडेला, ओढ्याच्या अलीकडे. आत पाऊल टाकवेना. अळ्यांचं खोड कोपऱ्यात, राखेत सालं, कुबट वास. तो खोकत होता. धनुष्य वळचणीला लावलेलं, माझ्या डोक्यापेक्षा उंच. मी लांबूनच बोलले. बाईने पुरुषाच्या धनुष्याला शिवू नये एवढं मलाही माहीत आहे.

"राजधानीतल्या बाईंना हवंय ते. काचेत ठेवणार आहेत. तुझं नाव लिहितील."

"हं."

"देशील का?"

त्याने निखारे ढवळले. मग म्हणाला, "देतो. तू खा."

"काय खा?"

"मी आणतो ते. कुत्रीला नाही घालायचं. तू खायचं, माझ्यासमोर."

म्हणजे हा सगळी वर्षं बघत होता. मागचं दार, कानेला, सगळं.

"मी तुझ्या हातचं खाणार नाही," मी म्हटलं. "तुला चांगलं माहीत आहे का ते."

"माहीत आहे." आणि मग अगदी हळू, खोकल्याच्या मधल्या जागेत, "वाचुगी."

माझ्या आईशिवाय मला त्या नावाने कुणी हाक मारलेली नाही. पळाले. वाटेत उलटी झाली. त्याने ते नाव त्या दिवशी ऐकलं असणार. आई ते ओरडत गाडीमागे धावत होती, तेव्हा. आणि आता तेच नाव तो धनुष्याच्या सौद्यात वापरतो.

ओकारी थांबेना. साबणाचं पाणी करून चूळ भरली, मगच बरं वाटलं.

१३ जून

त्याच्या घराकडे पाहिलं नाही. दिवसभर भरतकाम केलं.

१७ जून

दोन्या लुक्रेसिया पुतळा घेऊनच आली. जीपच्या मागच्या बाजूला झोपवलेला, कमरेला गवत. त्याच्या हातात द्यायला रबरी अळी आणली होती. "मुलांना फार आवडेल!"

फोटो काढायचे म्हणून तिने पिसांचा मुकुट पिराजूगीच्या डोक्यावर ठेवला. पिराजूगीने तो काढून हुंगला.

"कोंबडी?"

"राजहंस असावा," दोन्या लुक्रेसिया म्हणाली. मी भाषांतर केलं.

"मग मांस कुठाय? नुसती पिसं आणलीस? सांग तिला, आमच्याकडे पाहुणे एवढे कंजूस नसतात."

मी एवढंच भाषांतर केलं की आजींना मुकुट आवडला.

मग दोन्या लुक्रेसिया माझ्या कानाशी आली. "ते खरंय का गं? मेलेल्यांना... तुमच्यातले काही लोक... म्हणजे, खायचे?" तिच्या ओठांना ओल सुटली होती. तो चेहरा मी कधी विसरणार नाही. मठात पाहुणे यायचे, मुलींना रांगेत उभं करायचे, 'यातली रानातली कोणती?' असं विचारायचे, तेव्हा त्यांचे चेहरे असेच व्हायचे. सिस्टर ओनोरिना मला एक पाऊल पुढे ढकलायची. हळूच. प्रेमाने.

मी म्हटलं, "ते कार्ड मी लिहिणार नाही."

"बरं, राहू दे. धनुष्याचं काय झालं?"

मी अट सांगितली. ती खो-खो हसली. "एवढंच? अगं, मग खा की! एक घास. नाक दाबून घे. त्या दालनाला त्याशिवाय अर्थच नाही."

तिने किती सहज माझ्या तोंडाचा व्यवहार केला. पण लाज याची वाटते की क्षणभर मीही हिशेब केला. एक घास, नाक दाबून, आणि दालनाच्या दारावरच्या पाटीवर माझं नाव.

२१ जून

दक्षिणेचा वारा, इथे जून म्हणजे थंडी. ओढ्याच्या कडेला सकाळी हिवाची पांढरी रेघ.

नऊ दिवस संत्र्याखाली काही नाही. सुटले, असं वाटायला हवं. कानेला मात्र रोज सकाळी जाऊन झाडाखाली बसते आणि माझ्याकडे बघते, जणू मीच मांस लपवून ठेवलंय.

एस्तेला सांगत आली, "तो आजारी आहे, आजी. उठत नाही."

"खातो काय?"

"त्याच त्या अळ्या. आणि पिंडोचा गर. मी मांदिओकाचे कंद उकडून नेले तर घेतले थोडे."

"हट्टी आहे. एकतीस वर्षं मारतोय रानात, चार वेळा स्वतः भाजून खाल्लं असतं तर अळ्या खाऊन राहायची वेळ आली असती का?"

 एस्तेला पोटावर हात ठेवून बघत राहिली. हल्लीच्या मुलींना सरळ उत्तर देता येत नाही. मुलगा झाला तर केव्हिन नाव ठेवणार म्हणते.

कार्डं पाच ते आठ पूर्ण. टोपल्यांवरचं कार्ड छान झालं.

२३ जून

पिराजूगीला जाब विचारायला गेले. माझं नाव त्याला कसं माहीत? म्हातारी उन्हात पाय पसरून बसली होती. मला पाहताच म्हणाली, "आली बेनिग्ना. चव कळली का?"

"थट्टा पुरे. तो मला आईने ठेवलेल्या नावाने हाक मारतो. त्याला काय अधिकार?"

"त्याचंच आहे ते."

"काय त्याचं?"

"हरीण, पोरी! तुझ्या आईला हरीण कुणी दिलं वाटतं तुला, आभाळातून पडलं? त्या थंडीत आमची टोळी आणि तुमची टोळी मधाच्या झाडांपाशी एकत्र उतरली होती. तुझ्या आईला सहावा महिना. उपाशी. तुमच्यातल्या कुणालाच काही लागेना. ब्रेवीगी तेव्हा असा कोवळा, मिशीही नाही. त्यानं हरीण पाडलं आणि सगळ्यात आधी तिच्यापुढे ठेवलं. चरबीची बाजू. मी तिथंच होते. तू जन्मलीस तेव्हा तुझी आई म्हणाली, ही वाचुगी, ही हरीण. तो चार दिवस उड्या मारत होता, बायको नसताना पोर झालं म्हणून."

मी म्हटलं, "मग त्यानेच गाडीवाल्यांना..."

"हो. त्यानेच." तिने थट्टा सोडली. "त्याला आधीच्या वर्षी पकडलं होतं. बायकोला गोठ्यात बांधून ठेवलं आणि म्हणाले, दुसऱ्यांना दाखव, मग सोडू. त्याला जो तळ माहीत होता तो त्यानं दाखवला. बायको तरीही मेली, गोवराने. मी त्याच्याशी दहा वर्षं बोलले नाही. अजूनही त्याला मांस देत नाही. कुणीच देत नाही. देणं-घेणं बंद."

"हरीण तेवढं त्याने मला कधी दिलं नाही."

"आमच्यात नावाचं मांस त्या पोराला परत द्यायचं नसतं. तुमच्या नदीच्यांत चालतं, म्हणे. मी पाहिलंय, हरीण समोर आलं की तो धनुष्य खाली करतो."

ती पुन्हा संत्रं सोलू लागली. मी घरी आले. कार्डांचा गठ्ठा काढून कार्ड चार वाचलं. माझ्या मठातल्या अक्षरात, सरळ, सुबक: म्हणून ज्याला देणारं कुणी नाही, त्याला मांस नाही.

एकतीस वर्षं तो मला देत होता आणि मी ते कुत्रीला घालत होते. तो अळ्या खात होता, आणि मी त्या अळ्यांमुळेच त्याच्याकडे बघत नव्हते.

आता किळस कुणाची करायची ते कळत नाही. त्याची किळस जात नाही. ती नाहीच जाणार. पण आज आरशापुढून पटकन बाजूला झाले.

२४ जून, संत योहानाचा दिवस

चर्चमध्ये मिस्साला गेले नाही. मठातून आल्यापासून पहिल्यांदाच.

सकाळी दार उघडलं तर तो संत्र्याखाली. उभा नाही, बसलेला, पाठ झाडाला टेकून. समोर पानावर आर्मडिलो. पहाटे काठीने बीळ उकरून काढला म्हणे. एस्तेलाने त्याला गुडघ्यांवर येताना पाहिलं.

मी तो उचलला. आत नेला नाही. अंगणातच जाळ केला. पोट फाडताना आतडी हातावर घसरली. कवचातच भाजतात, हे मला कुणी शिकवलेलं नाही, पण हातांना माहीत होतं. चरबी कवचात वितळून साचली, पिवळी. एस्तेला वासाने आली. तिला आधी दिलं, तिने दोन्ही हातांनी खाल्लं, बोटं चाटली. पिराजूगीही आली आणि लांब उभी राहिली. तिने मागितलं नाही, मीही दिलं नाही.

मग मी त्याच्यासमोर बसले आणि खाल्लं.

नाक दाबलं नाही. घशाशी आलं, पुन्हा गिळलं. चरबी हनुवटीवर आली. साबणाची चव आली, खरंच आली, कुठून कोण जाणे. त्याच्या मागोमाग दुसरंच काहीतरी आलं, खूप जुनं, गरम, धुराचं. एक मांडी, जिच्यावर मी बसले होते. बस, तेवढंच.

तो माझ्या तोंडाकडे बघत होता, लहान मूल बघतं तसा.

"चरबी होती?" त्याने विचारलं.

"होती."

"चांगली?"

"चांगली."

"मग झालं."

मी विचारलं, "गाडीवाल्यांना तू आणलंस?"

"आणलं."

मी थांबले. वाटलं, गोठ्याचं सांगेल, बायकोचं सांगेल.  पण त्याने ते तसंच, उघडं, पानावर ठेवल्यासारखं माझ्यापुढे ठेवलं.

मग लक्षात आलं, आम्ही खाल्लं आणि तो उपाशी. स्वतः मारलेलं तो खाणार नाही. खुराड्यातून मार्ताला काढलं, माझी तांबडी कोंबडी, चार वर्षांची. सिस्टर ओनोरिनाने शिकवलं होतं तशी एका पिळात मान फिरवली. सिस्टर म्हणायची, तुझे हात या कामाला चांगले आहेत. रस्सा करून त्याला नेऊन दिला. तो माझ्या हातचं प्याला. तीन घोट, काळजाचा एक तुकडा. बाकीचं कानेलाकडे सरकवलं आणि माझ्याकडे पाहून हसला. दुष्ट म्हातारा.

२६ जून

दुसरी कोंबडी. दोन घोट.

पिराजूगी आज त्याच्या दारापर्यंत गेली. "अजून मेला नाहीस का?" असं ओरडून आली. चोपन्न वर्षांत पहिलं वाक्य, म्हणते. मी म्हटलं, दहा वर्षांनी बोलायला लागली होतीस ना? म्हणाली, "तेव्हा शिव्या दिल्या होत्या. हे बोलणं."

२८ जून

तिसरी. त्याने तोंड उघडलं नाही. मी बोट बुडवून त्याच्या ओठांना लावलं.

२९ जून

गेला. दुपारी, ऊन असताना.

फादर म्हणाले, स्मशानात पुरू या. नदीचे म्हणाले, बसवून. मी म्हटलं, तो वरचा होता. पिराजूगीने एकटीने झोपडीचा खांब ओढला, सत्तरीच्या पुढची बाई, आणि छप्पर त्याच्यावर पडू दिलं. मग ती माझ्या गळ्यात पडून रडली, नदीच्या बायकांसारखी, त्यांच्यात पद्धत नसतानाही. तिच्या तोंडाचा वास माझ्या मानेवर. मी बाजूला झाले नाही.

दोन्या लुक्रेसियाचा फोन. "अरेरे. मग धनुष्य आता कुणाच्या नावावर?"

२ जुलै

मी एकसष्ट वर्षांची. छातीत वर्षभर कळ येते, कुणाला सांगितलेलं नाही. म्हणून हे लिहून ठेवते. एस्तेलाला वाचता येतं, तिने सगळ्यांना वाचून दाखवावं आणि तसंच करावं.

धनुष्य पिराजूगीने मोडायचं. मी शिवणार नाही. दोन्ही तुकडे त्याच्या पडलेल्या छपराखाली. दालनाला काहीही नाही.

कार्डं तेरा, दोन्या लुक्रेसियाला, मुकुटासह. कार्ड चार तिला द्यायचं नाही. ते माझ्या दारावर आतून लावा. माझ्यानंतर ज्या कुणाला हे घर मिळेल त्याने काढू नये.

उरलेल्या दोन कोंबड्या एस्तेलाला. त्यांची पिल्लं वाढवायची आणि दर रविवारी कोंबडीचा रस्सा पिराजूगीला पोचवायचा, ती नको म्हणाली तरी. ती म्हणेलच.

रोझरी आणि सिस्टर ओनोरिनाची साबणाची पितळी डबी फादरांना. सिस्टरच्या कबरीवर नेऊन ठेवा. माझी तिच्यावर माया होती. तेही खोटं नाही.

कानेला पिराजूगीकडे. तिला खायला चांगलं लागतं, दोष माझा.

माझ्या क्रुसावर दोन्ही नावं हवीत. बेनिग्ना वर, वाचुगी खाली, सारख्याच आकाराची. पुरताना मला बसवा, गुडघे छातीशी. मी नदीची.

आणि एस्तेला, तुझ्या पोटातल्याला केव्हिन म्हणायचं नाही. तू सातव्या महिन्यात माझ्या अंगणात कवचातला आर्मडिलो खाल्लास, दोन्ही हातांनी, मी पाहिलंय. आर्मडिलो म्हणजे आमचा तातू, म्हणून त्याचं नाव तातुगी. नोंदणी कार्यालयातला माणूस म्हणेल, असं नाव संतांच्या यादीत नाही. त्याला म्हणावं, यादी तुझी, मांस आमचं.

मांसाचा बाप मेलाय, म्हणून पोराला कुणाला पोसायला नको असं समजू नका. पोर लहान असेपर्यंत वस्तीतल्या दर शिकारीतला पहिला वाटा एस्तेलाने घ्यावा, ब्रेवीगीच्या जागी. पोर मोठं होऊन शिकार करू लागलं की त्याने पहिला वाटा ज्याला कुणी देत नाही त्याला द्यावा.

पोर विचारेल, हा आर्मडिलो कुणी मारला. तर ब्रेवीगीने, असं सांगा. गुडघ्यांवर जाऊन, काठीने उकरून. आणि गाडीवाल्यांना कुणी आणलं ते विचारलं, तरी ब्रेवीगीनेच, असं सांगा. दोन्ही सांगा. एक ठेवून दुसरं द्यायचं नाही.